चुलीचा हिशेब मांडणारा माणूस

थंडी पडली की खानदेशात भरताचे बेत सुरू होतात. हिरवी, मोठाली वांगी शेतात नेऊन कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची. काड्यांचा ढीग पेटला की जाळ पुरुषभर उंच उठतो, दहा-पंधरा मिनिटांत साल कोळशासारखी काळी होते आणि आतला गर लोण्यासारखा मऊ पडतो. लहानपणी मला एक कोडं होतं. शेतातल्या त्या जाळाचा धूर डोळ्यांत जात नसे, आणि घरी त्याच काड्यांवर आई भाकरी टाकायची तेव्हा स्वयंपाकघरात तिचा चेहरा दिसायचा नाही.

आमचं घर धुळ्यात देवपुरात, पांझरेच्या अलीकडे-पलीकडे चाललेल्या साऱ्या घरांसारखंच. मातीची चूल, तिला जोडलेला वैल, भिंतीवर काजळीचा थर. पावसाळ्यात लाकडं ओली. आई फुंकणीने फुंकत राहायची आणि मधेच उठून दारात जाऊन खोकायची. त्या खोकल्याला आम्ही कधी दुखणं म्हटलंच नाही. तो घरातल्या आवाजांपैकी एक होता, जात्याच्या घरघरीसारखा.

१९५६ साली वडील वर्ध्याच्या एका शिबिराहून परतले ते पिशवीत घडी केलेला कागद घेऊन. त्यावर एका चुलीचं चित्र आणि मापं होती. नाव, मगन चूल. वडील प्राथमिक शिक्षक. कागदावरचं जमिनीवर उतरवण्याचा त्यांना फार उत्साह. आठ दिवसांत त्यांनी माती, शेण आणि भुसा मळून चूल घातली. तिचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी ज्या माणसाच्या आश्रमातून ती चूल आली त्याच्याविषयी. तो मला सापडला तो फार उशिरा, निवृत्तीनंतर.

त्यांचं नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. ४ जानेवारी १८९२ ला तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्म. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत स्वतःची पेढी काढली. राहणी पक्की साहेबी. पस्तिशी उलटल्यावर अमेरिकेत पुन्हा विद्यार्थी म्हणून गेले, आधी सिरॅक्यूजला, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तिथे प्राध्यापक सेलिगमन यांच्या हाताखाली सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करताना हिंदुस्थान गरीब का, हा प्रश्न त्यांनी आकड्यांनी सोडवायला घेतला. आकड्यांनी जे उत्तर दिलं त्याने साहेबी राहणीचा हा हिशेबनीस हादरला. पैसा इथून कसा बाहेर जातो ते त्यांच्याच वहीत उतरलं होतं.

तो प्रबंध घेऊन ते ९ मे १९२९ ला साबरमतीला गेले. अंगावर उंची परदेशी पोशाख, हातात काठी. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. कुमारप्पा काही वेळ नुसते पाहत उभे राहिले. म्हाताऱ्यानेच नाव विचारलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की भेटायला आलो ते हेच. मग इस्त्रीच्या कपड्यांची पर्वा न करता ते तसेच जमिनीवर बसले. गांधीजींनी त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्याच्या पाहणीचं काम दिलं. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन कुमारप्पा पन्नासावर गावं फिरले. घराघरातला जमाखर्च लिहून काढला. ज्याने आजवर कंपन्यांच्या वह्या तपासल्या तो आता शेतकऱ्याच्या कणगीची वही तपासत होता. पेढी सुटली, सूट सुटला. लग्न त्यांनी केलंच नाही.

त्यांचा हिशेबीपणा मात्र कधी सुटला नाही. १९३४ साली बिहारात भूकंप झाला तेव्हा मदतनिधीचे पैसे त्यांच्या ताब्यात होते. स्वयंसेवकाच्या जेवणखर्चाला त्यांनी दिवसाला ३ आण्यांची मर्यादा घातली, आणि गांधीजी आपल्या माणसांसह आले तेव्हा त्यांचा खर्च निधीतून द्यायला साफ नकार दिला. गांधीजी रागावले नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचं चिटणीसपद त्यांनी याच कडक माणसाकडे दिलं.

संघाचं ठाणं वर्ध्याला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींची आठवण म्हणून मगनवाडी नाव पडलं. तिथे घाणी फिरू लागली, हातकागद बनू लागला, मधमाश्या पाळल्या, गूळ, साबण, मातीची भांडी, सगळं करून पाहिलं. रॉकेलऐवजी गोडं तेल जाळणारा मगन दीप तिथेच घडला. आपल्याकडे फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं तेव्हा खादीबरोबर ग्रामोद्योगांचंही प्रदर्शन मांडलं होतं, गांधीजींनी ते उघडलं. धुळे-जळगावच्या खेड्यांतून बैलगाड्या भरभरून माणसं गेली होती. आमचे आजोबा त्यांत होते. त्यांच्या आठवणीत गर्दी आणि धूळच जास्त राहिली, ही गोष्ट वेगळी.

मगन चूल आली १९४७ च्या सुमारास. दिसायला साधी: मातीचा लांबट ओटा, आतून बोगदा, वर एकामागे एक भांड्यांची भोकं, शेवटी छपराबाहेर जाणारं धुराडं. पहिल्या भोकाखाली जाळ, मागच्या भोकांवर जाता जाता उरलेली धग. गृहिणीने चुलीवर वाकून धूर गिळायचा नाही, तो धुराड्याने ओढून न्यायचा, एवढी त्यातली मेख.

धूर म्हणजे काय, हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर शेतातलं कोडं सुटलं असतं. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. त्यांना पुरती हवा आणि सहाशे अंशांच्या आसपास उष्णता मिळाली तर ते पेटतात, त्यांचाच जाळ होतो. नाही मिळाली तर तेच वायू न जळता वर जातात, तो धूर. म्हणजे डोळ्यांत जातं ते आपलंच सरपण, फुकट गेलेलं. शेतात काड्या कडकडीत वाळलेल्या आणि चारी बाजूंनी वारा. घरी ओलं लाकूड. त्याची बरीच ताकद आतलं पाणी उकळण्यात जाते. त्यात चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरलेलं, आणि थंड भांडं जाळावर टेकलेलं, त्यामुळे जाळ पुरा होण्याआधीच विझतो. जुन्या घरांतला तांब्याचा बंब आठवा. मधून नळी, खाली जाळी, राख पडायला जागा. चार ढलप्यांत बादल्याबादल्या पाणी कढत व्हायचं. आमच्या शेजारी सुताराकडे भुशाची शेगडी होती: पत्र्याच्या डब्यात मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठोकून भरायचा, बाटली काढून घ्यायची, खालच्या भोकातून पेटवायचं. जाळ त्या पोकळीतून सरळ वर. अडाणी वाटणाऱ्या या वस्तूंत तेच शास्त्र होतं.

आता आमच्या चुलीचं. पहिला आठवडा घरात सण होता. भिंतीमागे धूर निघतोय आणि आत आईचा चेहरा दिसतोय, हे पाहायला शेजारणी आल्या. मग कुरबुरी. धुराडं ओढ घेई तेव्हा धगही ओढून नेई. मागच्या भोकावरची डाळ अर्धवट राही, सरपण काही कमी लागेना. महिन्याने धुराड्यात काजळी धरली. आणि मग आली आखाजी. आखाजीला खानदेशात पुरणपोळी खापरावर होते. पालथं घातलेलं ते भलं मोठं खापर कागदावरच्या मापाच्या भोकावर कसं बसणार? आईने आदल्या रात्री, वडील झोपल्यावर, खुरप्याने पहिलं भोक तासून मोठं केलं. पोळ्या उत्तम झाल्या. धूर परत आत आला. वडील दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं की आईनेच त्या चुलीचा घात केला. कुमारप्पा वाचल्यावर मत बदललं. १९४२ च्या आंदोलनात ते जबलपूरच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. त्यात निसर्गातल्या जगण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. दुसऱ्याला मारून जगणारा वाघ सगळ्यांत खाली. मग आयतं खाणारं माकड. मग स्वतः घरटं बांधणारा पक्षी. मग समूहासाठी राबणारी मधमाशी. आणि सगळ्यांत वर पिलांना भरवणारी पक्षीण, जी बदल्यात काही मागत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आईला सगळ्यांत वर बसवणारा हिशेबनीस मी दुसरा पाहिला नाही. अवजार वापरणाऱ्याच्या ताब्यात हवं, यावर त्यांचा भर होता. मग चुलीचं माप वापरणारीला न विचारता ठरलं, ही चूक आईची कशी? वडिलांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. पुढे १९८३ पासून सरकारनेही सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम चालवला, २००२ पर्यंत लाखो चुली घातल्या. त्यांतल्या कितीतरी अशाच तासल्या गेल्या, फुटल्या, कोपऱ्यात पडल्या.

एका बाबतीत मात्र माझं कुमारप्पांशी पटत नाही. जमिनीखालचा कोळसा आणि तेल म्हणजे साठा, उपसला की संपणारा. जंगल, पीक, बैल म्हणजे वाहती संपत्ती. साठ्यावर जगणारे समाज शेवटी त्यासाठी भांडतात, असं त्यांचं म्हणणं. मांडणी बिनतोड आहे. पण १९७९ साली आमच्याकडे गॅस आला त्या दिवशी आईने चूल सारवली, तिला हळदकुंकू वाहिलं, आणि पुन्हा पेटवली ती फक्त आखाजीला. तो साठ्यातला गॅस आधी वीस वर्षं आला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. खोकला तिला शेवटपर्यंत सोडून गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे कुमारप्पा अध्यक्ष होते. १९४९ साली अहवाल दिला. देश मात्र मोठ्या कारखान्यांच्या वाटेने निघाला होता. सत्तेत बसलेल्या जुन्या सोबत्यांना ते तोंडावर टोचून बोलत. रक्तदाबाने ते आधीच जर्जर झाले होते. मगनवाडी सोडून ते काही काळ वर्ध्याजवळच्या सेलडोहला शेती करत राहिले, मग मदुराईकडच्या कल्लुपट्टीला गेले. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मद्रासला त्यांचं निधन झालं. त्या साली आमची चूल चार वर्षांची होती.

मी गेल्या वर्षी परसात एक चूल मांडली. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये चाळलेली राख ठासून, म्हणजे धग भिंत न खाता भांड्याला मिळते. खाली लोखंडी जाळी, तिच्याखालून हवा. जाळ सरळ वर चढायला वीतभर उभी पोकळी, आणि भांड्याखाली बोटभर फट. बोटाएवढ्या काड्या घातल्या की घुं घुं आवाज करत जळते, धूर जवळजवळ नाहीच. वरच्या तोंडाचं माप मी सुनेला विचारून घेतलं. ती आधी आत गेली आणि खापर घेऊन आली.