हिंगण्याची वाट

महर्षी धोंडो केशव कर्वे १९५८ साली शंभरीत भारतरत्न झाले. परंतु १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केल्याबद्दल कोकणातील त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले होते, याचे आम्हां किनाऱ्यावरच्या मंडळींना विस्मरण होऊ नये.

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिताना मात्र पुनर्विवाहाची चळवळ त्यांनी बुद्ध्याच दूर ठेवली. काही सुधारक रुष्ट झाले. आमच्या मते त्यांचे शहाणपण नेमके येथेच होते. पुनर्विवाहाच्या नुसत्या नावाने बिथरणारा बाप आपली विधवा लेक शिकण्यासाठी आश्रमात धाडील, तर ती निदान स्वतःच्या पायांवर उभी राहील, हा त्यांचा हिशेब. गणिताचा प्राध्यापकच तो!

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. फर्ग्युसनमधील तास आटोपून कर्वे चिखल तुडवीत पायी तेथे जात. येथील विधवा पुढे शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. त्यांच्या मेहुणी, देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, या वैधव्यानंतर अक्षरे गिरवू लागल्या. पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या आणि इंग्रजी शिकण्याच्या जिद्दीने अमेरिकेत घरकाम करूनही राहिल्या.