ग्रंथ बाहेर न देणारा दाता

माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या हातची चिजांची एक वही घरात होती. एका परिचिताने ती उतरवून घेण्यासाठी नेली. ती परत आलीच नाही. सर टॉमस बोडली यांचे चरित्र वाचताना मला त्या वहीची आठवण झाली.

बोडली १५४५ साली इंग्लंडातील एक्झिटर येथे जन्मले. राणी मेरीच्या अमदानीत प्रॉटेस्टंटांचा छळ सुरू होताच हे कुटुंब परदेशी गेले. जिनेव्हात त्यांनी ग्रीक व हिब्रूचे पाठ घेतले. १५५९ मध्ये मायदेशी परतल्यावर ते ऑक्सफर्डला शिकले आणि तेथेच ग्रीक शिकवू लागले. पुढे राणी एलिझाबेथचे वकील म्हणून नेदरलँड्समध्ये त्यांनी कित्येक वर्षे काढली. अखेर राजकारणाचा वीट येऊन ते घरी बसले.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे जुने ग्रंथालय तेव्हा ओस पडले होते. ड्यूक हम्फ्रीने दिलेली २८० हून अधिक हस्तलिखिते धर्मक्रांतीच्या धामधुमीत नाहीशी झाली होती. १५५६ साली तेथील लाकडी सामानसुद्धा विकले गेले होते. १५९८ मध्ये बोडलींनी ते स्वखर्चाने पुन्हा उभारण्याचे अंगावर घेतले. जॉन बिल नावाच्या पुस्तकविक्रेत्याला त्यांनी खरेदीसाठी इटलीपर्यंत धाडले. ८ नोव्हेंबर १६०२ रोजी सुमारे २,००० ग्रंथांनिशी दार उघडले. १६१० साली लंडनच्या छापखानेवाल्यांच्या संघाशी करार होऊन तेथील नव्या पुस्तकांची एकेक प्रत ग्रंथालयाला मिळू लागली. नाटकांची पुस्तके मात्र बोडलींना केरकचरा वाटत. शेक्सपिअरच्या काळातला हा माणूस तेवढ्यापुरता चुकलाच.

नियम एकच कडक होता: येथे बसून वाचा, टिपून घ्या, ग्रंथ बाहेर जाणार नाही. बोडली १६१३ मध्ये वारले, पण नियम टिकला. १६४५ साली खुद्द राजा चार्ल्सने एक पुस्तक मागवले, तेव्हा ग्रंथपालाने नियम पुढे केला आणि राजाने तो मानला. आज तेथे १५०१ पूर्वी छापलेल्या ग्रंथांच्याच पाच हजारांवर प्रती आहेत.

आम्हां गाणाऱ्यांत चीज लपवून ठेवण्याची खोड जुनी आहे. वही गेल्यापासून मीही कुणाला काही दाखवीत नसे. जपणे निराळे आणि लपवणे निराळे, हे बोडलींनी मला शिकवले. आता शिष्य माझ्या ओसरीवर बसून हव्या त्या चिजा उतरवून घेतात. वही मात्र उंबरठ्याबाहेर जात नाही.