सी. म्हणजे चितळकर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा मी दोन आठवडे गप्प बसले. शाळेच्या आठवणी तर सगळेच लिहिणार. नर-मादी धबधबा बघायला किल्ल्यावर गेलेली सहल, अणदूरच्या खंडोबाची यात्रा, वर्गाच्या गळक्या कोपऱ्यात ठेवलेली बादली. म्हणून मी अशा माणसावर लिहायचं ठरवलं, जो आपल्या नळदुर्गच्या शाळेत कधी आला नाही, पण दर २६ जानेवारीला मैदानावर हजर असायचा.

सातवी ते दहावी अशी चार वर्षं मी समूहगीतात उभी राहिले. त्यातली दोन वर्षं निवेदनही माझ्याकडे होतं. कवी प्रदीप यांनी लिहिलेलं, लता मंगेशकर यांनी गायलेलं गीत सादर करत आहोत, असं माइकवर सांगायचं, की सर पेटीवर सूर धरायचे आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' सुरू व्हायचं. चाल कोणाची, हे मी कधी सांगितलं नाही. कागदावर लिहिलेलंच नव्हतं, आणि मला विचारावंसं वाटलं नाही.

ते नाव मला पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कळलं. रूममेटकडे एक कॅसेट होती, एका बाजूला 'अलबेला', दुसऱ्या बाजूला 'अनारकली'. वर छापलं होतं, संगीत : सी. रामचंद्र. मी समजले, कोणी मद्रासी गृहस्थ असणार. सी. म्हणजे चितळकर आणि गाव पुणतांबा, हे समजायला आणखी वर्ष गेलं. भूम-परंड्याच्या पलीकडे नगर जिल्हाच तर लागतो. म्हणजे माणूस आपल्या शेजारचा निघाला!

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा. पुणतांबा हे गोदावरीकाठचं गाव, चांगदेवांच्या समाधीसाठी ओळखलं जाणारं. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात ते शास्त्रीय संगीत शिकले, नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडेही शिकले. पण खरी ओढ होती पडद्यावर दिसायची. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' चित्रपटात नायकाची भूमिका मिळाली आणि नायकपण तिथेच संपलं. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये बारीकसारीक कामं केली आणि संगीतकार बुंदू खान आणि हबीब खान यांच्या हाताखाली पेटी वाजवली. हिरो व्हायला आलेला मुलगा पेटीवर बसला. आपल्या बॅचमध्येही असे बरेच आहेत, मी धरून.

मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, यांच्याशी गाठ पडली ती इथून पुढे. भगवाननी दिग्दर्शित केलेल्या 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांना रामचंद्रांनी पहिल्यांदा स्वतंत्र संगीत दिलं. तेव्हा माझा होस्टेलवरचा मद्रासी अंदाज अगदीच वाया गेला नाही. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून हिंदीत जम बसला.

आता मी ज्यासाठी हे लिहितेय त्याकडे येते. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराला जॅझची चटक लागली. जॅझ म्हणजे ठरलेल्या सुरावटीवर वादकाने तिथल्या तिथे नवं रचत जायचं. आपल्या आलाप-तानांचा दूरचा नातेवाईक म्हणा. ते ऐकायला मिळायचं ते कोट-टाय घालणाऱ्यांना, हॉटेलच्या दिवाणखान्यात. रामचंद्रांच्या कानावर बेनी गुडमनचं क्लॅरिनेट पडलं होतं. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी 'आना मेरी जान' या गाण्यात गिटार, माउथ ऑर्गन आणि आल्टो सॅक्सोफोन एकत्र आणले, वर शिट्टीही घातली. गाणं गल्लीबोळांत पोचलं. ज्यांनी गिटार डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांच्या कानात ती आधी शिरली. त्या वर्षी आपला जिल्हा अजून निजामाच्या राज्यात होता. सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य नळदुर्गला पोचलं ते सप्टेंबर १९४८ मध्ये. चित्रपट बघायला इथून सोलापूर गाठावं लागे. माझे आजोबा १९५१ साली 'अलबेला' असाच सोलापूरला जाऊन पाहून आले होते, आणि भगवानदादांची ती गुडघ्यांत वाकून डुलण्याची चाल त्यांनी सत्तरी ओलांडल्यावरही एका लग्नात करून दाखवली होती. आजीने तोंडाला पदर लावला होता.

'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आहेत. हेडफोन लावून एकदा फक्त वाद्यांकडे लक्ष देऊन ऐका. लताबाईंबरोबर जो पुरुषी आवाज आहे तो खुद्द संगीतकाराचा. गाताना ते चितळकर, चाल देताना सी. रामचंद्र, मराठी चित्रपटांत आर. एन. चितळकर, आणि काही ठिकाणी अण्णासाहेब. एका माणसाची इतकी नावं असल्यावर लोकांच्या लक्षात एकही नीट राहिलं नाही, असं मला कधीकधी वाटतं.

ही वाद्यं वाजवणारे कोण होते? बहुतेक गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. ती मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत वाजवू लागली. १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर हॉटेलांतलं काम आटलं आणि त्यांचा ओघ फिल्म स्टुडिओंकडे वाढला. रामचंद्रांचे सहायक होते चिक चॉकलेट. हे टोपणनाव. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, बार्देशमधल्या हळदोण्याचे, ट्रम्पेट असं वाजवत की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

काम चालायचं ते असं. संगीतकार पेटीवर चाल बसवणार. अरेंजर ती ऐकून प्रत्येक वाद्याचा वाटा वेगळ्या कागदावर लिहिणार. मग गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात ध्वनिमुद्रण करणार. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनने चूक केली की सगळं पहिल्यापासून. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे निदान कालची प्रत परत आणायची सोय असते.

आणि त्या पन्नास हातांची नावं? सहायकाचं नाव पडद्यावर बारीक अक्षरांत, वादकांची बहुतेक नाहीतच. नोकरीच्या सुरुवातीला मी आठ महिने खपून केलेलं काम एका सादरीकरणात दुसऱ्याच्या नावावर झळकलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, तिथले काही जण अजून संपर्कात आहेत. त्या रात्री मी खूप रडले होते. गोव्याच्या या वादकांबद्दल वाचलं तेव्हा मला माझे आठ महिने फारच थोडे वाटले.

रामचंद्रांची वकिली मी सगळीकडे करणार नाही. 'समाधी'तल्या त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याची चाल एडमंडो रॉसच्या बँडने लोकप्रिय केलेल्या लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून सरळ उचललेली आहे. पण त्याच माणसाने १९५३ मध्ये 'अनारकली'साठी भीमपलास आणि बागेश्रीत अशा चाली बांधल्या, की त्यांना उसनवारीची गरज होती असं म्हणवत नाही. दोन्ही दुकानं एकाच माणसाची. आणि वेग म्हणाल तर १९५५ च्या 'आझाद'चा किस्सा प्रसिद्ध आहे. कोइमतूरच्या निर्मात्यांना महिन्याभरात गाणी हवी होती, नौशादनी नकार दिला, रामचंद्रांनी काम घेतलं आणि वेळेत दिलं. असल्या डेडलाइनला मी नौशादसाहेबांच्याच बाजूची. तरी 'आझाद'ची गाणी आजही घाईची वाटत नाहीत.

१९५७ च्या 'आशा'तलं 'ईना मीना डिका' तर नर्सरीतल्या मुलांनाही येतं. बाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीवरून शब्द सुचले आणि जॉन गोम्स या गोव्याच्या सहायकाने त्यात कोकणीतलं 'माका नाका' घातलं, असं सांगतात. अर्थ नसलेल्या अक्षरांवर गात सुटणं ही जॅझची जुनी खोड. किशोरकुमारने ती अशी उचलली, की ऐकणाऱ्याला अर्थ विचारायची सवडच मिळाली नाही.

गंमत बघा, याच काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळपास दार बंद होतं. १९५२ पासून माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, तेही मराठीच, आणि त्यांचा जीव शास्त्रीय संगीतावर. एक मराठी माणूस गिटार आणि बोंगो घरोघरी पोचवत होता, दुसरा ती घरात येऊ नयेत म्हणून झटत होता. लोकांनी रेडिओ सिलोन लावला.

मग १९५९ चा 'नवरंग', १९६१ चा 'स्त्री', दोन्ही शांतारामबापूंचे. त्यानंतर चित्रपट कमी होत गेले. आधी १९५३ मध्ये न्यू साई प्रॉडक्शन्स काढून त्यांनी स्वतः निर्मितीत हात घातला होता. 'झांझर', 'लहरें' आणि नंतर 'दुनिया गोल है', तिन्ही फारसे चालले नाहीत. पडद्यावर दिसायची हौस मात्र गेली नव्हती. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटांची निर्मिती केली, संगीत दिलं आणि कामही केलं. 'नागानंद'पासून तीन दशकं उलटल्यावर!

१९६२ च्या चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये कार्यक्रम झाला. लताबाई आणि रामचंद्र यांचं एकत्र काम काही वर्षांपासून थांबलं होतं. या एका गाण्यासाठी ते पुन्हा जमून आलं. समोर पंडित नेहरू होते. सॅक्सोफोन आणि बोंगोवाल्या संगीतकाराने इथे जवळजवळ सगळं काढून टाकलं. चाल इतकी सोपी ठेवली, की पुढे नळदुर्गच्या मैदानावर चप्पल न घातलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या चाळीस मुलांना ती पेटी आणि ढोलकीवर गाता यावी. मला त्यांची हीच करामत सगळ्यात मोठी वाटते. माझ्या व्यवसायात भर घालणारे पुष्कळ भेटतात, योग्य जागी वगळणारे फार थोडे.

नंतरच्या काळात त्यांनी गदिमांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या आणि १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं. जुन्या बाजारात कुठे मिळालं तर सोडू नका. ५ जानेवारी १९८२ ला मुंबईत ते गेले, चौसष्टावं वर्ष पुरं व्हायला एक आठवडा कमी होता. आमची बॅच तेव्हा अंगणवाडीतही गेली नव्हती.

स्नेहमेळाव्याच्या समारोपाला समूहगीत तेच ठरलंय, आणि निवेदन पुन्हा माझ्याच गळ्यात पडलंय. सरांना मी फोन केला होता. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, पण पेटीवर तेच बसणार आहेत. सराव आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला, जुन्या सातवीच्या वर्गात. पट्टी काळी एक. आणि संयोजकांना विनंती, कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी त्या गाण्यापुढे तिसरं नाव टाका : संगीत, सी. रामचंद्र. जागा उरली तर कंसात चितळकर.