जेफ्री ट्रीझ : कुमारांच्या इतिहासकथेतील उपेक्षितांचा कैवारी

इंग्रजी कुमारवाङ्मयातील ऐतिहासिक कथेला ज्यांनी नवे वळण दिले, त्यांमध्ये जेफ्री ट्रीझ यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा जन्म ११ ऑगस्ट १९०९ रोजी नॉटिंगहॅम येथे एका मद्यव्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी इंग्रज मुलांच्या हाती पडणाऱ्या इतिहासकथांवर जी. ए. हेन्टी (१८३२-१९०२) यांची दाट छाप होती. हेन्टींचा नायक बहुधा धाडसी इंग्रज तरुण असे. साम्राज्याची सेवा हे त्याचे कर्तव्य आणि जितांचा प्रतिकार हा केवळ कथानकातील अडथळा. क्लाइव्हच्या मोहिमा, १८५७ चा उठाव आणि इंग्रज-मराठे युद्धे हे विषय हेन्टींनी याच दृष्टीने हाताळले होते. भारतीय अभ्यासकाला ही परंपरा अशा रीतीने परिचित आहे.

शिष्यवृत्ती मिळवून ट्रीझ ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात अभिजात भाषांच्या अध्ययनासाठी गेले; परंतु वर्षभरातच त्यांनी विद्यापीठ सोडले. लंडनच्या ईस्ट एंडमधील गरीब वस्तीत मुलांसाठी काम, त्यानंतर पत्रकारिता आणि अध्यापन असा त्यांचा पुढील प्रवास झाला. तो काळ महामंदीचा होता. एका सोव्हिएत बालपुस्तकाचा इंग्रजी अनुवाद याच सुमारास त्यांच्या वाचनात आला आणि मुलांसाठी सर्वस्वी निराळ्या भूमिकेवरून लिहिता येते, याची त्यांना जाणीव झाली.

१९३४ साली ‘बोज अगेन्स्ट द बॅरन्स’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. विषय रॉबिन हूडचा, म्हणजे प्रत्येक इंग्रज मुलाच्या ओळखीचा. पण कथा दिसते ती डिकन या भूदास मुलाच्या नजरेतून. दुष्ट सरदार दूर होऊन न्यायी राजा परतला की रयतेचे दुःख संपते, हा दंतकथेतील दिलासा ट्रीझ यांनी नाकारला. येथे अन्याय एखाद्या दुर्जनाच्या स्वभावात नसून जमीनधारणेच्या व्यवस्थेतच आहे. म्हणूनच बंड फसते, रॉबिन मरतो आणि लढ्याचा वारसा डिकनकडे येतो. त्याच वर्षीच्या ‘कॉम्रेड्स फॉर द चार्टर’मध्ये त्यांनी मताधिकारासाठी झगडणाऱ्या चार्टिस्ट कामगारांची कथा सांगितली. ४ नोव्हेंबर १८३९ रोजी वेल्समधील न्यूपोर्ट येथे सैनिकांच्या गोळीबारात सुमारे वीस निदर्शक ठार झाले. त्यांच्या पुढाऱ्यांना प्रथम देहदंडाची शिक्षा झाली आणि नंतर ती सौम्य करून त्यांना सागरापार धाडण्यात आले. या कथा रशियन अनुवादांतून सोव्हिएत वाचकांपर्यंत पोहोचल्या आणि १९३५ मध्ये ट्रीझ यांनी सपत्नीक त्या देशात काही काळ वास्तव्य केले.

या आरंभीच्या लेखनाचा दोषही उघड आहे. मध्ययुगातील बंडखोर त्यात अनेकदा विसाव्या शतकातील कामगार पुढाऱ्याच्या भाषेत बोलतो. उपेक्षितांना वाणी देताना लेखक स्वतःचीच वाणी त्यांच्या मुखी घालतो, हा या प्रकारातील मोठा धोका होय. ट्रीझ यांना तो उमगला. पुढे त्यांनी या कादंबरीच्या भाषेतील प्रचारकी सूर सौम्य केला. मात्र कृत्रिम जुनाट बोलीचा आश्रय त्यांनी घेतला नाही. पात्रांनी साध्या, प्रवाही इंग्रजीत बोलावे, हा त्यांचा आग्रह कायम राहिला.

१९४० च्या ‘क्यू फॉर ट्रीझन’मध्ये त्यांची कला परिपक्व झाली. गावाच्या सामाईक जमिनीभोवती जमीनदाराने घातलेली भिंत गावकरी रात्री पाडतात, येथून कथेला आरंभ होतो. पीटर हा मुलगा त्यामुळे परागंदा होतो आणि मुलाच्या वेषात वावरणाऱ्या किट या मुलीसह शेक्सपिअरच्या नाट्यसृष्टीत पोहोचतो. किट बुद्धीने व धैर्याने पीटरच्या बरोबरीची आहे. मुलींना साहसकथेत दुय्यम भूमिका देणाऱ्या तत्कालीन प्रघाताला हे उत्तरच होते. तथापि येथेही एक तडजोड जाणवते. तो जमीनदार अखेर राणीविरुद्धच्या कटात सामील असल्याचे निष्पन्न होते आणि राजद्रोह उघडकीस येताच गावाचा प्रश्नही सुटतो. वस्तुतः सामाईक जमिनी बळकावणारे बहुतेक जमीनदार राजद्रोही नव्हते. पुढील शतकांत तर संसदेचे कायदेच त्यांच्या बाजूने उभे राहिले. कथानकाला सुखान्त लाभला. पण जो अन्याय कायद्याला मान्य असतो, त्याचे स्वरूप त्यात झाकले गेले.

१९४९ च्या ‘टेल्स आउट ऑफ स्कूल’ या ग्रंथात त्यांनी प्रचलित कुमारसाहित्याची परखड चिकित्सा केली आणि हा प्रकार गंभीर समीक्षेचा विषय आहे, हे दाखवून दिले. शंभरावर पुस्तके लिहून १९९८ मध्ये ते निवर्तले.

भारतीय भाषांतील कुमारांच्या इतिहासकथेने राजे, गड आणि लढाया यांना दीर्घकाळ अग्रस्थान दिले आहे. वेठबिगार, भूमिहीन, देशोधडीला लागलेल्या जमाती यांच्याकडे वळणाऱ्या लेखकाला ट्रीझ यांची कारकीर्द उद्बोधक ठरावी. नायक बदलणे हे पहिले पाऊल त्यांनी पंचविशीपूर्वीच टाकले होते. त्या नायकाची भाषा शोधण्यास त्यांना अधिक काळ लागला. आणि बाल वाचकाला निराश न करता, तरीही इतिहासाशी प्रामाणिक राहून कथेचा शेवट कसा करावा, हा प्रश्न त्यांच्या दोन कादंबऱ्यांच्या परस्परविरोधी शेवटांमधून आजही तसाच उभा आहे.