विश्लेषण : प्रशिक्षकांनी नाकारलेला ‘आडदांड’ मुलगा बास्केटबॉलचा पहिला महानायक कसा झाला?

बास्केटबॉलच्या मैदानावर सराव पाहिला असेल, तर हे दृश्य ओळखीचे वाटेल. खेळाडू रिंगच्या जवळजवळ खालीच उभा राहतो. उजव्या हाताने चेंडू बोर्डावर टाकतो, जाळीतून पडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधीच झेलतो, एक पाऊल डावीकडे टाकतो आणि आता डाव्या हाताने तेच करतो. मग पुन्हा उजवीकडे. शाळकरी मुलांपासून एनबीएतील खेळाडूंपर्यंत सगळेच ही कवायत करतात. तिचे नाव ‘मायकन ड्रिल’. हे नाव ज्याच्यावरून पडले तो जॉर्ज मायकन कॉलेजात आला तेव्हा त्याला धड धावताही येत नव्हते. चार वर्षांत तो अमेरिकेतील सर्वाधिक गुण करणारा कॉलेज खेळाडू झाला आणि पुढे त्याला रोखण्यासाठी मैदानाची आखणीच बदलावी लागली.

मायकनची सुरुवात कशी झाली?

जॉर्ज मायकनचा जन्म 18 जून 1924 रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाला. घराणे मूळचे क्रोएशियन, गावात कुटुंबाचा मद्यालय आणि खानपानाचा व्यवसाय. लहानपणी हा मुलगा गोट्यांमध्ये पटाईत होता आणि आपल्या काउंटीचा विजेताही ठरला होता. बास्केटबॉलमध्ये मात्र त्याचे काही खरे नव्हते. शाळेच्या संघात निवड होत असताना तो डोळे बारीक करून पाहतो, म्हणजे त्याला चष्मा लागतो, हे प्रशिक्षकांच्या लक्षात आले आणि त्याला वगळण्यात आले. चष्मा लावून बास्केटबॉल खेळणे त्या काळी कोणाला पटत नसे. त्यातच गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि सुमारे दीड वर्ष अंथरुणात गेले. त्या काळात तो उंच मात्र होत राहिला.

पुढे धर्मगुरू होण्याच्या विचाराने त्याने शिकागोतील क्विग्ली या सेमिनरीत प्रवेश घेतला. तो पियानोही शिकत होता. म्हणजे ज्या वयात इतर मुले शाळेच्या संघातून रोज सामने खेळतात, त्या वयात मायकनला संघटित बास्केटबॉलचा अनुभव जवळपास नव्हताच. उंची वाढत वाढत 6 फूट 10 इंचांवर पोहोचली. पण त्या उंचीचे करायचे काय, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

नोटर डेमने का नाकारले?

नोटर डेम विद्यापीठात त्याने चाचणी दिली. तेथील प्रशिक्षक जॉर्ज किओगन यांचे मत चांगले झाले नाही. हा मुलगा मैदानावर गोंधळलेला आहे, त्याने अभ्यासाकडे लक्ष द्यावे, असा त्यांचा सल्ला होता. किओगन यांना दोष देणे आज सोपे आहे, पण तेव्हा बहुतेक प्रशिक्षक तसेच वागले असते. बास्केटबॉल हा चपळ, मध्यम उंचीच्या खेळाडूंचा खेळ मानला जात होता. फार उंच मुलगा म्हणजे चेंडू उडवण्यापुरता किंवा रिंगखाली उभा राहण्यापुरता, बाकी अडचणच, अशी समजूत होती.

त्या वेळी रे मेयर हे नोटर डेममध्ये किओगन यांचे सहायक होते. 1942 मध्ये ते शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा ते अवघे 28 वर्षांचे होते. मायकनही त्याच वर्षी डीपॉलमध्ये आला. किओगन यांना जेथे अडचण दिसली, तेथे मेयर यांना कच्चा माल दिसला.

मेयर यांनी सुरुवात चेंडूपासून का केली नाही?

मेयर यांचे वेगळेपण येथे आहे. इतक्या उंच मुलाला बहुतेकांनी आधी नेम शिकवला असता. मेयर यांनी आधी पाय हाती घेतले. दोरीवरच्या उड्या आणि बॉक्सिंगचा सराव हा दिनक्रम झाला. संघातील बुटक्या, चपळ खेळाडूसमोर त्याला एकास एक उभे केले जाई, म्हणजे त्या खेळाडूच्या मागे धावताना पाय आपोआप हलके व्हावेत. नृत्याचे धडेही होते. त्यासाठी कॉलेजमधील एका विद्यार्थिनीची मदत घेण्यात आली. जवळपास सात फुटी, चष्मा लावलेला तरुण संगीताच्या ठेक्यावर पावले टाकतो आहे, हे चित्र आज गमतीचे वाटते. पण त्यामागचा विचार पक्का होता.

रिंगजवळचा खेळ हा मुळात पावलांचा खेळ आहे. खेळाडू चेंडू घेतो तेव्हा बहुधा त्याची पाठ रिंगकडे असते आणि मागे प्रतिस्पर्धी चिकटलेला असतो. एक पाय जमिनीवर रोवून दुसऱ्या पायाने वळायचे, याला ‘पिव्होट’ म्हणतात. रोवलेला पाय उचलून पुन्हा टेकवला की नियमभंग होतो आणि चेंडू जातो. वजन चुकीच्या पायावर असेल तर वळताना तोल जातो, तोल गेला की हात खाली येतो आणि हात खाली आला की 6 फूट 10 इंचांचा काहीच फायदा उरत नाही. एका बुटक्या खेळाडूने येऊन चेंडू हिसकावला की संपले. उंच पण कच्च्या खेळाडूंचे गाडे नेमके येथे अडते. मेयर यांनी हे ओळखले होते.

पाय सुधारू लागल्यावर हुक शॉटची पाळी आली. या फटक्यात खेळाडू रिंगकडे तोंड करत नाही. तो कडेने उभा राहतो, आपला खांदा आणि अख्खे शरीर प्रतिस्पर्धी व चेंडू यांच्या मध्ये ठेवतो आणि लांबचा हात डोक्यावरून कमानीसारखा फिरवून चेंडू सोडतो. अडवणाऱ्याला चेंडूपर्यंत पोहोचायचे तर अख्खा मायकन ओलांडावा लागे. पण एवढ्यावर भागत नाही. खेळाडू फक्त उजव्या हाताने हुक मारतो हे कळले की प्रतिस्पर्धी त्या बाजूला आधीच सरकून उभा राहतो. म्हणून मेयर यांनी दोन्ही हातांचा हट्ट धरला. रोज शेकडो हुक, उजव्याने जितके तितकेच डाव्याने. मायकनचा डावा हात उजव्याइतकाच चालू लागला आणि त्याला कोणत्या बाजूने अडवावे, हेच प्रतिस्पर्ध्यांना कळेनासे झाले.

मायकन ड्रिल म्हणजे नेमके काय?

सुरुवातीला सांगितलेली कवायत याच सरावातून आली. तिच्यात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. उजव्या हाताने चेंडू टाकताना उडी डाव्या पायावरून घ्यायची आणि डाव्या हाताने टाकताना उजव्या पायावरून, त्यामुळे हातापायांचा मेळ बसतो. चेंडू खाली न आणता खांद्याच्या वरच झेलायचा आणि वरूनच पुन्हा टाकायचा, ही सवय लागली की चेंडू हिसकावला जात नाही. आणि चेंडू बोर्डाच्या कोणत्या भागावर लागला की आत जातो, हे हाताला कळू लागते, त्यासाठी पाहावे लागत नाही. सलग पन्नास वेळा करून पाहिले तर दम किती लागतो हेही कळते. कवायत दिसायला बालवाडीची आहे, म्हणून मुले ती कंटाळत करतात. मायकन कंटाळला नाही, हा त्याचा गुण मेयर यांच्या शिकवण्याइतकाच मोठा म्हणावा लागेल.

परिणाम कधी दिसू लागला?

पहिल्या हंगामात मायकनची सरासरी सामन्यामागे 11 गुणांच्या आसपास होती. 1944-45 मध्ये ती 23 च्या पुढे गेली आणि तो देशात अव्वल ठरला. पुढच्या वर्षीही तेच. 1944 ते 1946 अशी सलग तीन वर्षे त्याची अखिल अमेरिकन संघात निवड झाली.

1945 ची एनआयटी स्पर्धा तर त्याच्याच नावावर आहे. तीन सामन्यांत 120 गुण, त्यापैकी ऱ्होड आयलंड स्टेटविरुद्ध एकट्याने 53. तो सामना डीपॉलने 97-53 असा जिंकला, म्हणजे समोरच्या अख्ख्या संघाइतके गुण मायकनने एकट्याने केले. अर्थात ही युद्धाची वर्षे होती. अनेक चांगले खेळाडू सैन्यात गेले होते आणि मायकन उंचीच्या मर्यादेत बसत नसल्याने गेला नव्हता. हे लक्षात घेऊनही 53 हा आकडा छोटा होत नाही.

त्याच्या खेळात उणिवा उरल्याच होत्या. एनआयटीनंतर काही दिवसांनीच रेड क्रॉसच्या मदतीसाठी डीपॉल आणि ओक्लाहोमा ए अँड एम यांचा सामना झाला. समोर बॉब कुर्लंड हा तितकाच उंच खेळाडू होता. मायकन अवघ्या 14 मिनिटांत पाच फाउल करून बाहेर गेला आणि डीपॉल 52-44 असे हरले. आक्रमण शिकून झाले होते, पण अंगाला अंग लावून खेळताना स्वतःला आवरणे अजून जमत नव्हते.

केवळ उंचीमुळेच तो जिंकत होता का?

हा आक्षेप त्याच्यावर कायम घेतला गेला. त्यात थोडे तथ्यही आहे. मायकन आणि कुर्लंड रिंगमध्ये पडू पाहणारा चेंडू वरच्या वर उडवून लावत. त्यामुळे 1944 मध्ये कॉलेज बास्केटबॉलने रिंगकडे खाली येणाऱ्या चेंडूला हात लावण्यावर बंदी घातली. हाच आजचा ‘गोलटेंडिंग’चा नियम.

पण नंतरचा इतिहास वेगळेच सांगतो. 1946 मध्ये मायकन शिकागो अमेरिकन गिअर्सकडून व्यावसायिक झाला आणि 1947 मध्ये मिनियापोलिस लेकर्सकडे आला. हाच संघ 1960 मध्ये लॉस एंजेलिसला गेला. प्रशिक्षक जॉन कुंडला यांच्या या संघाने 1948 ते 1954 या सात हंगामांत सहा विजेतेपदे मिळवली. 1949 मध्ये तर अंतिम फेरीत मनगट मोडलेले असताना प्लास्टर घालून मायकन खेळला. त्याला थांबवण्यासाठी फोर्ट वेन पिस्टन्सने 22 नोव्हेंबर 1950 रोजी चेंडू नुसता हातात धरून ठेवला. तेव्हा फटका मारण्यासाठी वेळेची मर्यादा नव्हती. पिस्टन्सनी 19-18 असा विजय मिळवला. एनबीएच्या इतिहासातील ही सर्वात कमी धावसंख्या म्हणावी अशी गुणसंख्या. लेकर्सच्या 18 पैकी 15 गुण मायकनचे होते.

मग 1951 मध्ये रिंगखालचा पट्टा, म्हणजे ‘लेन’, 6 फुटांवरून थेट 12 फूट रुंद करण्यात आला. या पट्ट्यात आक्रमण करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. म्हणजे मायकनला रिंगपासून दुप्पट लांब उभे राहणे भाग पडले. उंची हेच भांडवल असते, तर त्याचा खेळ येथेच संपला असता. त्याची सरासरी 28.4 वरून 23.8 वर आली खरी, पण त्याच हंगामात, 20 जानेवारी 1952 रोजी, रोचेस्टरविरुद्ध त्याने 61 गुण केले. ती त्याच्या कारकिर्दीतील सर्वोच्च कामगिरी. विजेतेपदही लेकर्सनेच घेतले. लांबून वळायचे, एक पाऊल आत टाकायचे आणि कोणत्याही हाताने हुक मारायचा, हे त्याला डीपॉलमध्येच शिकवलेले होते. 1954 मध्ये एका सामन्यात रिंग 10 ऐवजी 12 फुटांवर लावून पाहिली गेली. लेकर्सने तोही 65-63 असा जिंकला आणि हा प्रयोग तेथेच थांबला.

निवृत्तीनंतर काय?

मायकनने 1954 मध्ये तिशीतच निवृत्ती घेतली, 1956 मध्ये काही महिने परत येऊन पाहिले, पण शरीर साथ देईना. त्याच वर्षी त्याने अमेरिकी काँग्रेसची निवडणूक रिपब्लिकन पक्षाकडून लढवली आणि थोडक्यात हरला. 1957-58 मध्ये तो लेकर्सचा प्रशिक्षक झाला, तेव्हा संघ 39 पैकी 30 सामने हरला आणि त्याने पद सोडले. दुसऱ्याच्या हातून घडलेल्याला दुसऱ्याला घडवता येतेच असे नाही. वकिलीची पदवी त्याच्याकडे होती, त्यावर पुढे व्यवसाय चालला.

1967 मध्ये सुरू झालेल्या एबीए या नव्या लीगचा तो पहिला आयुक्त होता. लाल-पांढरा-निळा चेंडू आणि तीन गुणांची रेषा त्याच्याच कारकिर्दीत आली. रिंगखाली राज्य केलेल्या माणसाने लांबच्या फटक्याला जास्त गुण द्यावेत, हा योगायोग मजेदार आहे. एनबीएने ती रेषा 1979 मध्ये स्वीकारली.

अखेरची वर्षे कठीण गेली. मधुमेहामुळे 2000 मध्ये एक पाय कापावा लागला, मूत्रपिंडे निकामी झाली. जुन्या काळातील खेळाडूंना एनबीएकडून मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते आणि ते वाढावे म्हणून मायकन शेवटपर्यंत झगडत होता. 1 जून 2005 रोजी ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे त्याचे निधन झाले. अंत्यसंस्काराचा खर्च उचलण्याची तयारी शकील ओनील या पुढच्या पिढीतील महाकाय सेंटरने दाखवली आणि कुटुंबाने ती स्वीकारली. रे मेयर त्यानंतर वर्षभरातच, मार्च 2006 मध्ये गेले. 1942 मध्ये हाती घेतलेला डीपॉलचा संघ त्यांनी 1984 पर्यंत, 42 वर्षे सांभाळला होता. मायकनचा 99 क्रमांक लेकर्सने 2022 मध्ये कायमचा निवृत्त केला. मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये त्याचा पुतळा मात्र त्याच्या हयातीतच, 2001 मध्ये उभा राहिला होता. त्यात तो हुक मारताना दिसतो.