आर. डी. बर्मन आणि तुमचं मल्टी-इफेक्ट्स पेडल: आधी आवाज ठरवा, मग बटण दाबा

मागच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमच्या बँडचा चांगलाच पोपट झाला. नवीन मल्टी-इफेक्ट्स पेडल होतं, त्यात कंपनीने भरून दिलेले शंभरेक प्रीसेट. सोलो आला, मी पाय मारला आणि भलताच पॅच लागला. गिटार स्टेजवर नाही, विहिरीत वाजतेय असं वाटलं. चूक मशीनची नव्हतीच. कुठल्या गाण्याला कुठला आवाज हवा, हे मी कधी ठरवलंच नव्हतं.

म्हणून आज सेटिंग शिकूया, पण एका माणसाच्या आयुष्यातून. राहुलदेव बर्मन, म्हणजे आपले पंचमदा. तुमच्या रील्समध्ये त्यांचं गाणं आठवड्यातून एकदा तरी येतंच.

पंचमदांचा जन्म २७ जून १९३९ रोजी कोलकात्यात झाला. वडील सचिनदेव बर्मन मोठे संगीतकार, त्यामुळे घरात गाणं होतंच. पण त्यांची सुरुवात वादक म्हणून झाली, ही गोष्ट लक्षात ठेवा. सरोद उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे, तबला पंडित सामताप्रसाद यांच्याकडे. शिवाय माउथ ऑर्गन! १९५८ च्या 'सोलवाँ साल'मधल्या 'है अपना दिल तो आवारा'मध्ये जो माउथ ऑर्गन ऐकू येतो, तो त्यांनी वाजवलाय. मुंबईत वडिलांचे सहायक म्हणून काम केलं, १९६१ मध्ये मेहमूदच्या 'छोटे नवाब'ने स्वतंत्र सुरुवात झाली आणि १९६६ च्या 'तीसरी मंझिल'ने नाव झालं.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत गायक आणि सगळे वादक एकत्र बसायचे, गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अनडू नाही, प्लगइन नाही. इफेक्ट हवा असेल तर कुणीतरी तो तिथेच, हाताने, वेळेवर करायचा.

आणि ते करायचे! १९६८ च्या 'पडोसन'मध्ये 'मेरे सामनेवाली खिडकी में' गाण्यात खरबरीत पृष्ठभागावर कंगवा घासून आवाज काढला. 'चुरा लिया है'च्या सुरुवातीचा ग्लासचा टणत्कार तर सगळ्यांना माहीत आहे. 'शोले'च्या 'मेहबूबा'मध्ये वादकांनी बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारली. हे घरी करून बघा. बाटलीत पाणी वाढवलं की आतली हवा कमी होते आणि सूर वर चढतो. म्हणजे पाण्याची पातळी हाच तिथला पिचचा नॉब. (या गाण्याची चाल ग्रीक गायक डेमिस रुसोस यांच्या गाण्यावरून आलेली होती, हेही सांगायला हवं. आवाजाची कल्पना मात्र पंचमदांच्या खोलीतली.)

खोलीतली म्हणतोय, कारण हे एकट्याचं काम नव्हतं. मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर हे त्यांचे सहायक. अमृतराव काटकर रेसो-रेसो वाजवायचे, म्हणजे खाचा पाडलेल्या बांबूवर काडी घासायची. हेडफोन लावून ऐका, सत्तरच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत मागे तो खर्र-खर्र चालू असतो. सगळं श्रेय एका नावावर टाकणाऱ्या पोस्ट मला पटत नाहीत.

आता खरा पेडलचा विषय. १९७७ मध्ये गुलजार यांचा 'किताब' आला. त्यात एक इंजिन ड्रायव्हर गातो, 'धन्नो की आँखों में'. आवाज स्वतः पंचमदांचा. मागची गिटार ऐकली की काहीतरी गोल फिरत जवळ येतंय आणि लांब जातंय असं वाटतं. तो फ्लँजर! तुमच्या पेडलमध्ये 'मॉड्युलेशन'च्या खाली हाच इफेक्ट आहे.

तो चालतो कसा? एकाच आवाजाच्या दोन प्रती घ्यायच्या, एक प्रत काही मिलिसेकंद मागे ठेवायची आणि हे अंतर सतत थोडं कमी-जास्त करत राहायचं. दोन्ही प्रती एकमेकींत मिसळल्या की काही सूर कापले जातात, काही उठून दिसतात, आणि ही कापाकापी सरकत राहते. जुन्या काळी दोन टेप मशीन एकत्र चालवून एका रिळाच्या कडेला बोट टेकवायचे. त्या कडेला इंग्रजीत फ्लँज म्हणतात, नाव तिथूनच आलं. 'रेट' नॉब म्हणजे फिरण्याचा वेग, 'डेप्थ' म्हणजे किती लांबवर फिरायचं. रेट कमी ठेवा, नाहीतर गाणं ऐकताना चक्कर येईल.

पण पंचमदांनी हा इफेक्ट प्रत्येक गाण्यात घुसवला नाही. इथे गाडी आहे, रूळ आहेत, फिरती चाकं आहेत, म्हणून तो शोभला. माझ्या शंभर प्रीसेटमध्ये नेमकं हेच नव्हतं.

तर पॅच बनवताना कागदावर आधी गाण्याचं नाव लिहा, मग त्याचे भाग: सुरुवात, कडवं, सोलो. प्रत्येक भागाला एकच पॅच, आणि ते गाण्याच्या क्रमाने एकाच बँकेत शेजारी-शेजारी. पॅचला 'रॉक ०७' नाही, गाण्याचं नाव द्या. अंधारात स्क्रीनवर तेवढंच वाचता येतं. साखळीचा नेहमीचा क्रम असा: कंप्रेसर आणि वाह आधी, मग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, मग अँप-कॅबिनेट, त्यानंतर फ्लँजर-कोरस, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब. डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर प्रतिध्वनीसुद्धा फाटतात आणि सगळा चिखल होतो. मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

दोन गोष्टी सगळे विसरतात. हेडफोनवर किंवा हॉलच्या मिक्सरवर जाताना कॅबिनेट सिम्युलेशन चालू ठेवा, गिटार अँपच्या पुढच्या इनपुटमध्ये लावताना बंद करा. आणि सगळ्या पॅचचा आवाज एका पातळीला आणा, तोही उभं राहून, मोठ्या आवाजात. रात्री हेडफोनवर छान वाटलेला पॅच स्टेजवर हरवतो. हे झालं की यूएसबीने बॅकअप घ्या.

डिलेवरून आठवलं. १९८७ च्या 'इजाजत'मध्ये 'कतरा कतरा' ऐका. आशा भोसले यांचाच आवाज दोन ट्रॅकवर आहे, एक ओळ संपायच्या आत दुसरी तिच्यावर चढते. जणू बाई स्वतःशीच बोलतेय. आशाताईंशी पंचमदांचं लग्न १९८० मध्ये झालं होतं. कुठला आवाज कुठवर ताणता येतो हे त्यांना आतून माहीत होतं.

याच सुमारास त्यांचे दिवस फिरले होते. चित्रपट पडत गेले, निर्माते दुसरीकडे वळले. १९८८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पुढे लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. तीनशेहून जास्त चित्रपटांचं संगीत देणारा माणूस कामाची वाट बघत होता. विधू विनोद चोप्रा यांनी 'परिंदा'नंतर पुन्हा त्यांनाच बोलावलं, '१९४२: अ लव्ह स्टोरी'साठी.

४ जानेवारी १९९४ रोजी पंचमदा गेले. वय अवघं ५४. चित्रपट त्याच वर्षी जुलैमध्ये आला, गाणी घराघरात वाजली आणि त्यांचा तिसरा फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्या माघारी जाहीर झाला.

त्यातलं 'कुछ ना कहो' आज रात्री हेडफोनवर लावा. बाटली नाही, कंगवा नाही, फ्लँजर नाही. मग पेडल बायपासवर टाका आणि कुठलाही इफेक्ट न लावता तीच चाल गिटारवर वाजवून बघा.