विश्लेषण : मूल हवे की नको, हे ठरवायचे कोणी? र. धों. कर्वे यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न आजही का टिकून आहे?

वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. गर्भनिरोधक निकामी ठरल्यामुळे राहिलेल्या गर्भासंबंधीच्या तरतुदीतील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. एवढासा बदल व्हायला मूळ १९७१ च्या कायद्यानंतर ५० वर्षे लागली. मात्र ज्या प्रश्नातून तो आला, त्यासाठी मुंबईतील गणिताच्या एका प्राध्यापकाने १९२० च्या दशकातच नोकरी गमावली होती.

कोण होते र. धों. कर्वे?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात दगावल्या. वडिलांनी पुढे विधवेशी पुनर्विवाह केला आणि स्त्रीशिक्षणाला वाहून घेतले. मुलगा त्याहून अडचणीच्या विषयाकडे वळला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. उच्च शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन आल्यावर त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. मिशनरी कॉलेजच्या चालकांना प्राध्यापकांचा हा उद्योग रुचला नाही. नोकरी की प्रचार, असा पेच आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

नैतिक पेच नेमका कोणता?

पुढचे बाळंतपण जिवावर बेतेल, हे बाईला सांगायचे. पण ते टाळायचे कसे, हे सांगायचे नाही, अशी त्या काळच्या वैद्यकाची रीत होती. महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना विरोध होता; संयम हाच त्यांच्या मते मार्ग. कर्वे यांचे म्हणणे वेगळे होते. संयम पाळायचा की नाही हे घरात नवरा ठरवतो आणि गर्भ मात्र बायकोच्या पोटात वाढतो. त्यामुळे साधन आणि माहिती तिच्या हाती हवी. शिवाय कामसुखावर स्त्रीचाही तेवढाच हक्क आहे, असे ते उघड सांगत. लोक खवळले ते बहुधा यानेच. लोकसंख्या कमी करण्याची भाषा त्या मानाने पचण्याजोगी होती.

यात एक अडचण होती आणि ती खरी होती. कर्वे डॉक्टर नव्हते. शरीराविषयीचा सल्ला गणितज्ञाने द्यावा का, हा आक्षेप गैर म्हणता येणार नाही. पण ज्यांनी तो द्यायचा तेच गप्प होते.

न्यायालयात काय झाले?

‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ मध्ये निघाले. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये खटला झाला आणि १०० रुपये दंड बसला. १९३४ च्या खटल्यात मुद्दा आणखी नाजूक होता. वाचकांनी आपल्या लैंगिक शंका पत्रांतून विचारल्या होत्या आणि कर्वे यांनी त्यांना छापील उत्तरे दिली होती. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, दंड २०० रुपये. १९३८ मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात, असा आंबेडकरांनी तयार केलेला ठराव मुंबई विधानसभेत आला आणि फेटाळला गेला.

घरातला निर्णय कोणी घेतला?

पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. मूल होऊ द्यायचे नाही, हे दोघांनी मिळून ठरवले आणि नसबंदी रघुनाथरावांनी करून घेतली. मालतीबाई १९४४ मध्ये गेल्या. मासिकाचा तोटा सोसत कर्वे यांनी ते अखेरपर्यंत चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

आज चित्र काय?

सरकारी कार्यक्रमात मूळ प्रश्न मागे पडला. आणीबाणीत हाच विषय सक्तीचा झाला. गर्भपात आता कायदेशीर आहे, पण २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांची मुदत लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३७.९ टक्के विवाहित महिलांनी कुटुंबनियोजनासाठी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. नवऱ्याची नसबंदी झाली आहे, असे प्रमाण ०.३ टक्के.